ठक् झाल्यानंतर

"सहा," मी म्हणाले.

ऊर्वी लॉजच्या पलंगावर मांडी घालून बुटांची ब्लेड पुसत होती. तिचा हात थांबला. "सहा पट?"

"पाच पूर्णांक चौऱ्याण्णव शतांश. सहाच म्हण."

"आणि आपलं ठरलं होतं चार."

"चार."

दुसऱ्या कुणाची चौदा वर्षांची पोर असती तर तिने आदळआपट केली असती, दार आपटून बाहेर गेली असती. ऊर्वीने ब्लेडना रबरी कव्हरं चढवली, बूट पिशवीत ठेवले, पिशवीची चेन लावली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. संध्याकाळचे सहा वाजले होते आणि बाहेर दिल्लीचं एप्रिलमधलं ऊन अजून उतरलेलं नव्हतं.

याला आता बारा वर्षं झाली. आम्ही मिरजेहून दोन रात्रींचा प्रवास करून तिथे आलो होतो, कारण दिल्लीजवळच्या एका मॉलमध्ये बर्फाचं रिंक होतं आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिथे शिबिरासाठी निवड व्हायची होती. निवड झाली असती तर ऊर्वीला सलग तीन महिने खऱ्या बर्फावर शिकायला मिळणार होतं. तोवर तिचं सगळं शिक्षण मिरजेत सिमेंटवर, चाकांच्या स्केटवर झालेलं. बर्फ तिला दोन वर्षांत मिळून सहा आठवडे पाहायला मिळाला होता. पुढच्या वर्षी ती वयाच्या गटाबाहेर जाणार होती, म्हणजे ही एकच संधी.

आणि निवड व्हायची तर अॅक्सेल हवा. ही उडी मारताना तोंड पुढे असतं. हवेत दीड फेरी घ्यायची आणि पाठमोरं, एकाच पायावर उतरायचं, तेही चार मिलिमीटर जाडीच्या पात्यावर. उतरायचं म्हणजे थांबायचं नाही. मागे मागे घसरत जायचं. तो उतरायचा उजवा पाय ऊर्वीने आदल्या वर्षी हीच उडी मारताना मोडून घेतला होता. मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दोनदा पाहून सांगितलं होतं की हाड उत्तम जुळलंय, आता खुशाल उडू दे. पण शिबिरवाल्यांचा नियम असा होता की ज्या मुलांचं वर्षभरात हाड मोडलंय त्यांच्या पालकांनी वेगळ्या फॉर्मवर सही करायची. सही नसेल तर कार्यक्रमात अॅक्सेल नाही. सकाळी दहापर्यंत फॉर्म द्यायचा होता.

म्हणजे सगळं माझ्या सहीवर आलं होतं, आणि माझी सही आकड्यावर.

आमच्या घरात भांडणं मोजून मिटतात. ऊर्वी चार वर्षांची असताना आंब्याच्या फोडी कुणाला जास्त मिळाल्या यावरून तिचं नि तिच्या बाबांचं वाजलं, तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून तराजू घरी आणला होता. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, मला दुसरं काय सुचणार? बाबांच्या वाटीत अकरा ग्रॅम जास्त निघाले आणि त्यांनी निमूट एक फोड परत केली. तेव्हापासून घरात कसलाही वाद झाला की "आई, मोज" म्हणायचं, आणि आईने मोजलं की तोंड मिटायचं. हा कायदा सगळ्यांनी पाळला.

त्यामुळे ऊर्वीने सही मागितली तेव्हा मी म्हटलं होतं, मोजू. उतरताना पायावर सरासरी किती भार येतो ते काढू. वजनाच्या चार पटींच्या आत आला तर सही, वर गेला तर नाही. चारच का, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. खरं तर मलाही माहीत नव्हतं.

त्या दुपारी सरावाच्या वेळी मी मोबाइल रेकॉर्डिंगला लावून रिंकच्या कठड्यावर ठेवला. ऊर्वीने विचारलं, "व्हिडिओ का नाही?" मी म्हटलं, कॅमेरा सेकंदाला तीसच चित्रं घेतो, आवाज त्याच सेकंदाचे हजारो तुकडे करून देतो, तेव्हा आवाज जास्त अचूक. बोलणं बिनतोड होतं. उडताना बर्फावर पातं खरवडल्याचा आवाज आणि उतरतानाचा ठक्, यांच्यामध्ये अर्धा सेकंद. त्यावरून उंची निघाली एक फूट, उंचीवरून वेग निघाला, आणि ठक् किती वेळ टिकला ते पाहिलं तर सेकंदाचा विसावा भाग. एवढ्या वेळात तो वेग शून्यावर यायचा म्हणजे वजनाच्या सहा पट भार. मी तीनदा पडताळून पाहिलं. तिन्ही वेळा सहाच.

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

मी खाली जाऊन मिरजेला फोन लावला. नवरा जनावरांचा डॉक्टर, त्या वेळी कुठल्यातरी गोठ्यात होता. मागे म्हैस ओरडत होती. मी आकडा सांगितला.

"तू मोजलंयस ना?" तो म्हणाला. "मग झालं. तिला समजावून सांग. रडली का?"

"नाही."

"मग जास्तच लागलंय," तो म्हणाला आणि म्हशीकडे वळला.

सातच्या सुमारास बागवान सर आले. रशीद बागवान हे ऊर्वीचे शिक्षक. मिरजेच्या मार्केट यार्डात त्यांच्या घराचा तीन पिढ्यांचा फळांचा धंदा. हे मात्र लहानपणी बेअरिंगच्या गाड्यावरून उतारावर सुटण्याच्या नादात स्केटिंगला लागले आणि पुढे नगरपालिकेच्या रिंकवर मुलांना शिकवू लागले. शाळा आठवीपर्यंतची. अॅक्सेल त्यांनी स्वतः जन्मात मारला नव्हता, पण तो कुठे बिघडतो हे त्यांना पाठमोरं उभं राहूनही कळायचं.

"मॅडम, सही झाली का?"

मी कागद पुढे केला. त्यांनी तो उभा-आडवा पाहिला. "हे सहा म्हंजे?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा भिंतीकडे वळून झोपलेल्या ऊर्वीकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणताय तर असंल," ते म्हणाले. "आमी काय, अडाणी माणूस." पण जाता जाता दारात थबकले. "तुम्ही हे आवाजावरनं काढलंय, न्हवं?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि गेले.

सकाळी साडेसातला त्यांनी पुन्हा दार वाजवलं. ऊर्वी न्हाणीघरात होती. "जरा खाली येता? पोरीला नका सांगू. पाच मिनटं."

लॉजच्या समोर रस्त्याच्या कडेला कलिंगडांची हातगाडी लागली होती. बागवान सरांनी गाडीवाल्याशी मोडक्या हिंदीत काहीतरी बोलून एक कलिंगड उचललं, बोटाने ठोकून पाहिलं, ते ठेवलं, दुसरं घेतलं. मला वाटलं, प्रवासासाठी घेतायत. ते सहा पावलं मागे गेले.

"झेला, मॅडम."

"अहो सर, हे काय—"

पण कलिंगड हातातून सुटलं होतं. चार किलोचं तरी असेल. मी दोन्ही हात पुढे केले, तळव्यांवर थप्प असा मोठा आवाज झाला, आणि मी कंबरेत वाकून, कलिंगड पोटाशी धरून, गुडघ्यांपर्यंत खाली गेले. गाडीवाला हसायला लागला. कलिंगड शाबूत होतं. मीही होते.

"आवाज आला?" सरांनी विचारलं.

"आला की."

"मग फुटलं का न्हाई?"

"हात खाली गेले म्हणून," मी म्हटलं. आणि मग मी तशीच वाकलेली राहिले.

"आवाज झाला तवा ते थांबलं नव्हतं, मॅडम," ते अगदी हळू आवाजात बोलत होते, जणू गाडीवाल्यालाही ऐकू जाऊ नये. "निम्मं बी थांबलं नव्हतं. तिथनं म्होरं तुमचं हात कामाला लागलं. आमी पोरं असताना ट्रकवरनं कलिंगडं झेलायचो. माझा बाप सांगायचा, आवाजाला भिऊ नको, आवाज व्हायचाच. आवाज झाल्यावर जो हात थांबतो त्याच्याच हातात फळ फुटतंय. ऊर्वीचा गुडघा बघा की एकदा. ठक् झाल्यावर ती कुठवर खाली जाते ते बघा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौदा वर्षं मी अकरावीच्या वर्गात तेच शिकवत होते. चेंडू झेलणारा खेळाडू हात मागे का नेतो? थांबायला वेळ जास्त मिळतो, म्हणून मार कमी लागतो. हा प्रश्न मी परीक्षेत घालते आणि जो चुकेल त्याचे दोन गुण कापते. ठक् हा पातं बर्फाला टेकल्याचा आवाज होता. माझी मुलगी त्यानंतर थांबत होती, आणि मी तिला आवाजातच थांबवून टाकलं होतं.

"माझ्या मोबाइलवर हाय काल्ची उडी," सरांनी फोन पुढे केला. "एक एक चित्र सरकवून बघता येतंय. मोजा."

मी फोन हातात घेतला नाही. कलिंगड तसंच धरून म्हटलं, "तुम्हीच मोजा ना सर. टेकल्यापासून सगळ्यात खाली जाईपर्यंत किती चित्रं, एवढंच सांगा."

"मी मोजीन हो. पर ते तुम्ही बघायला पायजे." त्यांनी खाली पाहिलं. "राग मानू नका, मॅडम. तुम्ही बघतच न्हाई. वर्ष झालं. ती उडाली की तुम्ही डोळं मिटता."

मला वाटलं होतं, हे कुणाला कळलेलं नाही.

आदल्या वर्षी ऊर्वी पडली तेव्हा मी रिंकच्या पायरीवर तिच्या डब्याचं झाकण उघडत बसले होते. झाकण घट्ट बसलेलं. मान खाली होती, आणि कानावर दोन आवाज आले. एक चाकांचा, नेहमीचा. त्याच्या मागोमाग दुसरा, वाळकी काटकी मोडावी तसा. मान वर केली तोवर ती जमिनीवर होती आणि पाय जसा असायला नको तसा होता. पडताना मी तिला पाहिलंच नाही, फक्त ऐकलं. तेव्हापासून ती हवेत गेली की माझे डोळे आपोआप मिटायचे आणि मी दुसऱ्या आवाजाची वाट पाहायचे. तो आला नाही की उघडायचे. कॅमेरा सेकंदाला तीसच चित्रं घेतो हे खरं होतं, पण कॅमेरा न लावण्याचं ते कारण नव्हतं. लावला असता तर मला त्यात बघावं लागलं असतं.

मी कलिंगड घेऊन वर आले. मागून सर, हातात फोन. ऊर्वी आरशासमोर केस बांधत होती. तिने आधी कलिंगडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ऊर्वी, माझं चुकलं," मी म्हटलं. "गणितच चुकलं. पुन्हा मोजायचंय."

ती वळली. तोंडातली पिन काढून हातात घेतली. "वेळ ठक् वरून घेतलास ना?"

"तुला माहीत होतं?"

"काल रात्री लक्षात आलं. आधी नाही."

"मग उठून बोलायचं नाही का?"

"आपलं ठरलंय ना, आईने मोजलं की वाद नाही." ती पिनेकडे बघत राहिली. "आणि बोलून काय झालं असतं? तू व्हिडिओ बघितला असतास तर तुलाच कळलं असतं. तुला बघायला कसं लावायचं, ते मला येत नव्हतं."

मी तिच्या शेजारी पलंगावर बसले आणि सरांकडे हात केला. त्यांनी फोन दिला आणि ते जाऊन खिडकीपाशी उभे राहिले, रस्त्यावर फार काही बघण्यासारखं असल्यासारखे.

ऊर्वी बोटाने चित्रं सरकवत होती. हवेत ती अंग चोरून, हात छातीशी घट्ट धरून उभ्या रेघेसारखी फिरत होती. मग हात थोडे सुटले. "इथे उघडायला लागते," ती म्हणाली. "नाहीतर फिरणं थांबत नाही." पुढच्या चित्रात पात्याचं टोक बर्फाला टेकलं होतं. माझे डोळे मिटायला निघाले. मी ते उघडे ठेवले. कसे, ते मलाच माहीत.

"एक," मी म्हटलं.

दुसऱ्या चित्रात घोटा वाकला होता. तिसऱ्यात गुडघा. चौथ्यात हात दोन्ही बाजूंना पसरले होते आणि डावा पाय मागे निघाला होता. ती खाली जात होती, अजून खाली, आणि त्याच वेळी मागे घसरत होती; तो वेग कुणी अडवत नव्हतं, त्याला अडवायची गरजच नव्हती. पाच. सहा. सातव्या चित्रात ती सगळ्यात खाली होती. आठव्यात वर यायला लागली होती.

"सात," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी फॉर्मच्याच मागे गणित मांडलं. सात चित्रं म्हणजे सेकंदाचा साधारण पाव भाग. टेकल्या क्षणी झटका मोठा बसतो, तो कुणालाच चुकत नाही. पण आम्ही बोललो होतो ते सरासरी भाराचं, आणि तो आता डोळ्यांसमोर होता.

"किती?" ऊर्वीने विचारलं.

"दोन. अगदी सव्वादोन म्हण."

"नक्की?"

"चल, तूच पडताळ."

तिने पेन घेऊन खरोखर पडताळलं. एका ठिकाणी माझी वजाबाकी चुकली होती, ती तिने दुरुस्त केली. उत्तर दोनच आलं. मग तिने कागद उलटा केला, सहीच्या रेघेवर बोट ठेवलं आणि वाट पाहिली.

"तुला भीती नाही वाटत?" मी विचारलं. वर्षभरात हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

"वाटते ना. उडेपर्यंत वाटते. उतरताना वेळच नसतो."

मी सही केली. छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात तसं काही झालं नाही. ते थोडं सरकलं, इतकंच. बागवान सर खिडकीतून वळले आणि म्हणाले, "पावणेनऊ झालेत. कलिंगड मागनं खाऊ."

अकरा वाजून वीस मिनिटांनी ऊर्वीचं नाव पुकारलं. मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होते. शेजारी बागवान सर. ते बर्फाकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"सर, तिच्याकडे बघा की."

"मला ती काय करते ते ठाऊक हाय," ते म्हणाले.

तिने एक लांब वळण घेतलं, पाठमोरी आली, पुढे वळली, डावा पाय टेकवून उजवा वर झोकला. पातं खरवडलं. ती वर गेली. अर्धा सेकंद म्हणजे किती, हे मी हजार वेळा फळ्यावर लिहिलंय. मला ते त्या दिवशी कळलं. ठक्. मी डोळे उघडे ठेवले होते, आणि ठक् झाल्यानंतर ती होती. खाली जात होती, गुडघा वाकत होता, हात पसरत होते, पाय मागे जात होता, आणि सर्रकन मागे मागे घसरत ती माझ्यापासून लांब चालली होती. दुसरा आवाज आला नाही. मी त्याची वाट पाहत नव्हते, हे मला नंतर लक्षात आलं.

माझ्या तोंडून श्वास असा बाहेर पडला की शेजारच्या बाईने वळून पाहिलं.

आणि मग, कार्यक्रम संपायला वीस सेकंद उरले असताना, अगदी साध्या वळणावर, जे ती सहाव्या वर्षापासून करत होती, ऊर्वीचं पातं कुठेतरी अडकलं आणि ती धपकन बसली. बर्फावरून तशीच बसल्या बसल्या पाच-सहा फूट घसरत गेली. थांबली. पंचांपैकी एक बाई हसल्या. ऊर्वीने हात टेकले, एक गुडघा उचलला, दुसरा उचलला, मागचा बर्फ झटकला आणि पुढचं पाऊल संगीताच्या ठेक्यावर बरोबर टाकलं.

"पडली," बागवान सर माझ्याकडे वळून घाईघाईने म्हणाले. "काय न्हाई, मॅडम, नुसती बसली. तुम्ही डोळं—"

"पाहिलं मी," मी म्हटलं. "पडली ते पाहिलं, सर. उठली तेपण पाहिलं."

मला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण कठडा अजून सोडवत नव्हता.

निवड झालेल्यांच्या यादीत ऊर्वीचं नाव शेवटून दुसरं होतं. लॉजवर येऊन आम्ही तिघांनी ते कलिंगड खाल्लं. मॅनेजरकडून सुरी आणली होती, तराजू काही मिळाला नाही. ऊर्वीने सगळ्यात मोठी फोड स्वतःच्या पुढ्यात ओढली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोजायचंय?"

"नको," मी म्हटलं. "दिसतंय मला."